शोकपत्रिकेतली तिसरी ओळ

वाद्यांचे सूर लावायचा पोलादाचा दुबोटी काटा. टेबलाच्या कडेवर आपटला की एकच सूर देतो, बराच वेळ, आणि तो नेमका कधी थांबला ते कळत नाही. आता कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला.

खिडकीत सात नासपती, देठ वर करून. घरातली जुनी दाई पेरीन म्हणते, रविवारी पिकतील. डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत... आणि हातमोजे चढवायला लागले.

काळी किनार एक बोट रुंद.

'धर्मसंस्कार घेऊन' — हे आधीच लिहून ठेवायचं असतं. तारखेची जागा मोकळी.

'निर्भय लेखणी.' पॅरिसचं एक वर्तमानपत्र, सहा वर्षांपूर्वीचं.

वडिलांच्या वेळी चारशे पत्रिका गेल्या. चारशे घरांत दोन ओळी वाचल्या गेल्या. तीन हव्या होत्या.

तर, पत्रिका. मोरांदच्या घरात माणूस जायच्या आधीच त्याची शोकपत्रिका आंजे शहरातल्या छापखान्यात पोचते — खिळे जुळवून तयार राहतात, वेळ आली की तारीख बसवायची आणि छापायचं — आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट वेळेवर पत्रिका मिळाली नाही तर वाटतं; कारण चर्चमध्ये कोण कुठल्या बाकावर बसणार, कुणाची गाडी कुणाच्या मागे चालणार, कुणाच्या हाती आधी हात द्यायचा, हे सगळं त्या कागदावरून ठरतं. आधी मुलगे, मग मुली, मग नातवंडं, मग भाचे-पुतणे, मठात गेलेल्या आत्या, शेवटी बेल्जियमपर्यंत पसरलेले चुलत. कागदावर जो आहे तो घरात आहे. जो नाही त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. विचारावं लागू नये म्हणूनच तर कागद असतो.

इझोर सकाळी नऊपासून माहेरच्या या टेबलाशी बसली आहे. वय चौपन्न, काउंट द साँ-फ्लेव्ह यांची विधवा, दहा कादंबऱ्या. समोर आईची शोकपत्रिका. वर माडीवर आई जिवंत आहे, खोकते आहे, मधूनच काठी जमिनीवर आपटते आहे... दोनदा म्हणजे पेरीन, तीनदा म्हणजे इझोर. अजून तीनदा झालेली नाही.

'मार्की द मोरांद' — हा भाऊ, तांक्रेद. पहिली ओळ.

'काउंटेस द साँ-फ्लेव्ह' — दुसरी. आपलं नाव आपणच लिहिताना तिला नेहमी वाटतं, ही कुणीतरी वेगळीच बाई, हिच्याबद्दल एखादं प्रकरण लिहिता येईल.

आणि मग टाक दौतीत. मग दौतीच्या काठावर. मग पुन्हा दौतीत.

"झालं का?" तांक्रेद दारातूनच ओरडला. बुटांना चिखल, मिशांना दव, मागे ओला कुत्रा.

"आत येऊ नका, गालिचा आहे."

"येत नाही. तुमच्या टेबलापाशी आलं की शाळेत छड्या खायला आल्यासारखं वाटतं." असं म्हणून तो आत आला आणि तिच्या खांद्यावरून वाचायला लागला. "ब्रसेल्सच्या त्या चुलतभावाला घातलंत ना? घाला. नाहीतर त्यांच्याकडचं कुणी गेलं की ते मला गाळतील, आणि अर्धं आंजे समजेल मीच मेलो."

"घातलंय. शेवटी आहे."

"शेवटी म्हणजे मठातल्या आत्यांच्या खाली? रुसेल तो." त्याचं जाडजूड बोट कागदावर टेकलं. "मी. तुम्ही." बोट मोकळ्या जागेवर थांबलं. "आणि ओदील?"

इझोरनं टाक पुसायला घेतला. टाक स्वच्छ होता.

"आईंना..." ती म्हणाली.

"आईंना काय? चौदा वर्षं आईंच्या हट्टापुढे गप्प बसलो मी. वडील गेले, पत्रिका छापून आली, बघतो तर धाकटीचं नाव नाही. म्हटलं, म्हातारीनं खोडलं, आता कोण बोलणार? त्यांच्यापुढे बिशपची वाचा बसते, माझं काय घेऊन बसलात. पण आता त्यांना दिसतंय कुठं! घालून टाका. मादाम पासरो. असू दे नवरा पियानोचे कान पिळणारा. तो गेल्यापासून आपल्या चॅपेलचा ऑर्गन गाढवासारखा ओरडतो, हेही खरं आहे."

"घटस्फोटित माणूस आहे तो, तांक्रेद. चर्चमध्ये लग्न झालेलं नाही त्यांचं."

"आपल्या एका पणजोबांची दोन लग्नं चर्चमध्ये झाली होती, आणि दोन्ही बायका एकाच वेळी जिवंत. त्यांचं तैलचित्र जेवणघरात आहे. रोज त्यांच्यासमोर सूप पितो मी." तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला, मग वरून खोकला ऐकू आला तसा एकदम थांबला. "चार वाजता गाडी आंजेला निघेल. यादी द्या, आणि नांतला तारही द्या. उद्या दुपारच्या गाडीनं पोचेल ती. आई तोवर... पोचेल ती."

कुत्रा त्याच्यामागे गेला. गालिच्यावर पायांचे ठसे राहिले, माणसाचे आणि कुत्र्याचे.

म्हणजे त्याला वाटत होतं, आईनं.

इझोर ते वाक्य मनातल्या मनात फिरवत राहिली, जसं एखादं नाणं दोन्ही बाजूंनी पाहावं. त्याला वाटत होतं आईनं... आईला वाटतं ओदीलनं स्वतःच... आणि ओदीलला... चौदा वर्षं तिघं तीन खोल्यांत बसून एकमेकांच्या दाराकडे बोट दाखवत आहेत, आणि मधल्या पडवीत दिवा घेऊन एकच बाई उभी आहे. हे तिनं लिहिलं असतं. एखाद्या कादंबरीत हे फार छान झालं असतं... नाही, झालंच आहे. सहा वर्षांपूर्वी. एक कठोर आई, काळ्या किनारीचा कागद, मुलीच्या नावावर ओढलेली एक रेघ. पॅरिसमध्ये लोक रडले. अकादमीनं बक्षीस दिलं. आपल्याच घराण्यातलं पाप चव्हाट्यावर मांडायला काळीज लागतं, असं कोण कोण म्हणालं... आणि ती मान खाली घालून उभी होती, पांढरे हातमोजे, मोत्यांचा एकच सर, आणि लोकांना तो विनय वाटला.

आईनं रेघ ओढली नव्हती. आईला कुणी विचारलंच नव्हतं.

— वडिलांच्या उशाशी अकरा दिवस. ओलं फडकं, चमचा, पुन्हा फडकं. तांक्रेद शिकारीला जायचा, आई चॅपेलमध्ये बसायची, ओदील दोन वर्षांपूर्वी तिच्या त्या सूर लावणाऱ्याबरोबर नांतला निघून गेली होती, आणि अकराव्या दिवशी दुपारी वडिलांनी डोळे उघडले, चमचा धरलेला हात पकडला, घट्ट, कधी नव्हे इतक्या मायेनं, आणि म्हणाले, ओदील, आलीस. आणि ती म्हणाली, हो. मीच. ते हसले. संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी याच टेबलाशी, घाईनं, कारण वडील पत्रिका पाठवायच्या आत गेले होते, तिनं पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि तिसरी... तिसरी तिनं लिहिलीसुद्धा. पूर्ण लिहिली. मग तिला वाटलं, ओदील येऊन गेली की. काल दुपारी. अकरा दिवस होती. आता परत कशाला —

मी खोडलं.

नाही. तिनं खोडलं. 'तिनं' म्हणायची सवय आहे. दहा कादंबऱ्यांत एकदाही 'मी' नाही. समीक्षकांनी त्याला संयम म्हटलं आहे.

आठ दिवसांनी नांतहून पत्र आलं होतं. ओदीलचं अक्षर, उजवीकडे कललेलं, धावणारं. या घरात सगळे एकमेकांना तुम्ही म्हणतात — नवरा बायकोला, आई तान्ह्या बाळाला — पण लहानपणी ओदील जेवणाच्या टेबलाखाली शिरून इझोरचा गुडघा धरायची आणि कुजबुजायची, तू माझी आहेस ना? त्या पत्रातही तसंच. 'पत्रिका पाहिली. आईचं काम आहे, कळतं मला. तू माझ्यासाठी भांडली असशील. दमली असशील. माझ्यामुळे तुला त्रास झाला.' इझोरनं उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या वाक्यापाशी तीन आठवडे गेले. मग इतका उशीर झाला की उशिराबद्दल आधी लिहावं लागलं असतं. दोन वर्षांनी, सन अठराशे नव्याण्णवच्या वसंतात, आणखी एक पत्र आलं. जाड, लाखेची मोहोर लावलेलं. ते तिनं फोडलं नाही. याच टेबलाच्या डाव्या खणात आहे, मेणबत्त्यांच्या खाली. त्यात काय असेल हे तिनं बारा वर्षांत शंभर वेळा मनाशी लिहिलं आहे... प्रत्येक वेळी शेवटी ओदीलला कळलेलं असतं.

वर काठी. एकदा. दोनदा... तिसऱ्यांदा.

आईच्या खोलीत मेण, कापूर आणि शिळ्या गुलाबपाण्याचा वास. मार्कीझ, म्हणजे आई, एकोणऐंशीच्या. डोळ्यांवर साय आलेली, पण मान अजून ताठ. उशांना टेकणं त्यांना आवडत नाही, उशा मागे नुसत्या हजर असतात.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"आई, आत्ता कशाला—"

"माझीच आहे ना? मग मलाच कळू नये? कुणी मेल्यावर वाचून दाखवतं का!"

इझोरनं वाचलं. मार्की द मोरांद. काउंटेस द साँ-फ्लेव्ह. मग तिचा आवाज नातवंडांकडे वळला.

"त्याआधी," आई म्हणाली.

"त्याआधी... काही नाही."

"तिनंच नको म्हटलं होतं. तुम्ही सांगितलंत मला. याच दारात उभ्या होतात, काळे कपडे अजून नीट बसत नव्हते अंगावर. 'आई, ओदील म्हणते, माझं नाव घालू नका.' मी म्हटलं, तिची मर्जी. शब्दांचं तुम्हाला कळतं, मी मानलं." खोकला. इझोर पुढे झाली, त्यांनी हातानं थांबवलं. "तुमच्या त्या पुस्तकातली म्हातारी. रेघ मारणारी. मीच ना ती?"

"आई, ती कादंबरी आहे."

"शेजारची डचेस भेटायला आली होती. माझा हात धरून डोळे पुसत म्हणते, 'तुमच्या मुलींनी किती सोसलं हो!' मला कळेना हिला झालंय काय. मग पेरीनकडून वाचून घेतलं सगळं. अडखळते मेली, पण काही गाळत नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी पानं गोळा करत होतं. दंताळ्याचा आवाज, थांबून थांबून.

"छान लिहिलंय," आई म्हणाली. "ती म्हातारी अगदी खरी वाटते. दोन रात्री झोपले नाही मी. म्हटलं, असेन बाई मी तशी. खोडलंही असेन... विसरले असेन. या वयात काय काय केलं ते कुठं आठवतं! तुम्ही लिहिलंय म्हणजे काहीतरी पाहिलं असणारच."

इझोर उभी होती. आता बोलावं. आता, या क्षणी, फक्त तोंड उघडायचं... आणि मेंदू, तो नालायक, हे सगळं टिपून घेत होता, पांघरुणावरचा सुरकुतलेला हात, अंगठी बोटात सैल झालेली, दोरा गुंडाळून बसवलेली, दोरा निळा —

"तार करा तिला," आई म्हणाली. "माझ्या नावानं. म्हणावं, आईनं तुमचं नाव खोडलं असेल तर आई चुकली. एवढंच. तुम्ही नीट लिहाल." आणि थोड्या वेळानं, डोळे मिटून: "नासपती पिकल्या का हो?"

"रविवारी पिकतील, आई."

"मग एक आत्ताच आणा. कडक असली तरी चालेल."

तिनं नासपती आणून दिली. आईनं ती खाल्ली नाही. हातात धरून बसली.

साडेतीन. खाली टेबलावर दोन कागद: काळ्या किनारीचा मसुदा आणि तारेचा कोरा कागद. इझोरनं तिसरी ओळ लिहिली. 'मादाम पासरो.' मोरांद नाही, द नाही, काही नाही. दोन शब्द, एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं असावं तसं नाव. कागदावर ते बसलं आणि लगेच असं दिसायला लागलं की ते तिथे कायमच होतं. इतकं सोपं होतं. चौदा वर्षांपूर्वीही इतकंच सोपं होतं.

तार.

'आई अत्यवस्थ. ताबडतोब ये. आई म्हणते ती चुकली.'

हे पाठवलं की सगळं जागच्या जागी राहतं. उद्या दुपारी ओदील येईल, धावत जिना चढेल, आई तिला म्हणेल मी चुकले, ओदील म्हणेल आई, जाऊ दे, दोघी रडतील, तांक्रेद खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरेल. म्हातारी क्षमा मागून मरेल आणि क्षमा तिला मिळेल. पुस्तक पुस्तकाच्या जागी राहील, बक्षीस बक्षिसाच्या जागी. आणि मग ओदील पलंगाला वळसा घालून येईल, तिला मिठी मारेल आणि तिच्या मानेपाशी म्हणेल, तू माझ्यासाठी भांडलीस ना... नाही. हे नाही. ती ओरडली, थोबाडीत मारली, माझ्या तोंडावर थुंकली तर मी उभी राहीन. पण हे नाही.

तिनं कागद चुरगळला. दुसरा घेतला.

'आई अत्यवस्थ. ताबडतोब ये. नाव आईनं खोडलं नव्हतं.'

हेही चांगलं वाक्य आहे. खरं आहे. कुणी खोडलं ते सांगत नाही. अशा वाक्यांवर तिनं आयुष्य काढलं आहे. तेही चुरगळलं.

तिसरा कागद. 'आई अत्यवस्थ. ताबडतोब ये.' पुढे टाक थांबला. शाई टोकाशी जमली, थेंब झाला, पडला नाही.

"गाडी जुंपलीय," पेरीन दारात. कमरेला फडकं, हाताला कांद्याचा वास. पंचावन्न वर्षं या घरात. इझोरला तिनंच पाळण्यातून उचललं होतं, त्यामुळे सगळ्यांना तुम्ही, आणि हिला एकटीला तू. "काय गं पोरी, चार-चारशे पानांची पुस्तकं पाडतेस आणि एक तार होईना तुझ्याच्यानं?"

"पेरीन."

"काय?"

"वडील शेवटी... मला ओदील म्हणाले होते."

हे ती आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं बोलली होती. बोलल्यावर ते खोलीत अगदी लहान वाटलं. एवढंसं. चहाच्या चमच्याएवढं.

पेरीननं तिच्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या चुरगळलेल्या बोळ्यांकडे.

"मला आई म्हणाले," ती म्हणाली. "त्यानंतर तासाभरानं. मी पांघरूण सारखं करत होते, तर म्हणतात, आई, दिवा मालवू नकोस. माझ्या बापाच्या वयाचा माणूस! मी म्हटलं, नाही मालवत. मरणाऱ्याचं बोलणं कोण मनावर घेतं?" फडक्याला हात पुसत ती वळली. "आण लवकर. घोडा थंडीत उभा राहत नाही, आणि गाडीवान तर त्याहून नाही."

तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

दिवा मालवू नकोस... म्हणजे तेही काही नव्हतं. चौदा वर्षं जपून ठेवलेली ती एक जखम — निदान कारण होतं, निदान मला दुखलं होतं, एवढं तरी माझं होतं — तीही नव्हती. ताप होता. तापात माणूस समोर दिसेल तिला काहीही म्हणतो. आता रेघ नुसती रेघ उरली. कुणी सांगितलेली नाही, कशावरूनही नाही, एका सकाळी एका थकलेल्या बाईनं मारलेली. आणि ती बाई —

तिनं पोलादी काटा उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. पासरो चॅपेलच्या ऑर्गनपाशी विसरून गेला होता तो. सोळा वर्षं तिनं तो परत पाठवला नाही. सूर निघाला. बाहेर घोड्यानं नाल आपटला. वर आई खोकली, मग शांतता, मग पुन्हा खोकली; आणि प्रत्येक शांततेत इझोरचा श्वास अडकत होता, आणि तिला कळलं की ती कशाची वाट बघते आहे... आई तारेच्या आधी जावी. म्हणजे काही लिहावं लागणार नाही. हे तिला स्वच्छ, छापल्यासारखं दिसलं. आणि त्या क्षणी तिला कुठलंही वाक्य सुचलं नाही. ना म्हातारीबद्दल, ना हाताबद्दल, ना निळ्या दोऱ्याबद्दल. आतला तो टिपून घेणारा पहिल्यांदाच गप्प होता, आणि जिथे तो बसायचा तिथे नुसतं दुखत होतं, नाव नसलेलं, कुणाचंही नसलेलं, माझं.

मी टाक उचलला. थेंब पडला. डाग बाजूला, अक्षरांवर नाही. 'नाव' एवढं लिहिलं. पुढचा शब्द मला माहीत होता. एकाच अक्षराचा होता.

डावा खण कधी उघडला कुणास ठाऊक. मेणबत्त्या बाजूला सरकल्या होत्या आणि ते जाड पत्र मांडीवर होतं, मोहोर शाबूत, लाख कडांना भुरभुरलेली. अंगठा मोहोरेवर होता. पोलादाचा सूर अजून चालू होता, किंवा थांबला होता.

"गाडीवान विचारतोय!" स्वयंपाकघरातून पेरीन.

"आले," मी म्हटलं, आणि उठले नाही.

ओदीलची थोरली मुलगी त्या पत्राच्याच वयाची, बारा वर्षांची आहे. तिचं नाव इझोर.